आपल्याला काठावर कोणी बसवलं?

मैत्रिणींनो, शब्दांचं मोल आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको. ‘टाकलेली’, ‘घरीच असते’, ‘काही करत नाही’ या शब्दांशी आपण वर्षानुवर्षं भांडलो. पाणी, सरपण, शेणगोठा, दुसऱ्यांची दुखणीखुपणी हे सगळं करणारी बाई सरकारी कागदावर ‘काम न करणारी’ ठरते, म्हणून आपण कागदावरच्या रकान्याशीही भांडलो. रकाना साधा नसतो, कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही हे तो ठरवतो, एवढं त्यातून पक्कं कळलं.

आता तो रकाना मोबाइलमध्ये गेला आहे. रेशन, बँक, दवाखाना, बचत गट, शाळेची फी, सरकारी योजना, सगळ्यांची वाट अ‍ॅपमधून जाते. ही अ‍ॅप ज्या कचेऱ्यांत तयार होतात तिथली एक स्वतंत्र बोली आहे. युजर, पर्सोना, एमव्हीपी, बॅकलॉग, एज केस, चर्न. हे शब्द ऐकले की आपण ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून मान फिरवतो. माझं म्हणणं असं, की ते आपल्यासाठीच आहेत, कारण आपल्याबद्दलचे निर्णय आज या शब्दांत होतात. मी हे खात्रीने सांगते, कारण मीही ते निर्णय घेतले आहेत.

अकरा वर्षं मी पुण्यातल्या अशा कचेऱ्यांत काम केलं. शेवटची चार वर्षं ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ होते. हे काम म्हणजे संगणकाची भाषा लिहिणं नव्हे. काय आधी करायचं, काय नंतर आणि काय करायचंच नाही, हे ठरवणं. लग्नघरात कोठीवर बसलेल्या बाईसारखं. शिधा ठरलेला, हात ठरलेले, मुहूर्त ठरलेला. किती पानं धरायची हे कोठीवरचीने सांगायचं. तिने धरली नाहीत ती माणसं उपाशी उठतात, आणि स्वयंपाक मात्र उत्तम झाला असं सगळे म्हणतात.

आमचं अ‍ॅप बचत गटातल्या बायकांसाठी होतं. कोणी किती भरले, कोणाचं कर्ज किती, सगळं फोनवर दिसणार. हेतू चांगला होता आणि मीही मनापासून कामाला लागले होते. आमच्या भिंतीवर एका बाईचं चित्र लावलं होतं. वय बत्तीस, दोन मुलं, शिवणकाम करते, स्वतःचा स्मार्टफोन आहे, चेहरा हसरा. याला म्हणतात ‘पर्सोना’. ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांच्यातलं एक कल्पित माणूस रेखाटायचं आणि प्रत्येक निर्णयाला ‘तिला हे जमेल का?’ असं विचारायचं. अ‍ॅलन कूपर या संगणकतज्ज्ञाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही पद्धत रूढ केली. करणाऱ्यांनी स्वतःच्या डोक्याने न चालता वापरणाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहावं, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. पण भिंतीवरची बाई कोण रेखाटतो? आमची बाई आम्हीच खोलीत बसून रेखाटली होती. तिला नवरा होता, पण तो कुठेच आडवा येत नव्हता. फोन तिचा होता आणि दिवसभर तिच्याच हातात होता.

मग मी मराठवाड्यातल्या एका गावी गेले. गटातल्या चौदा जणींशी बोलले. नऊ जणींकडे स्वतःचा फोन नव्हता. नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर सुनेचा. एक मावशी म्हणाली, “पोरी, फोन मालकाचा. तुझा मेसेज त्याच्या खिशात वाजणार. माझे किती साठले ते मला कळायच्या आधी त्याला कळणार.” मी ते वहीत लिहून घेतलं. परत आल्यावर बैठकीत सांगितलं. समोरच्याने शांतपणे विचारलं, “अशा किती असतील?” मी म्हटलं, चौदातल्या नऊ. तो म्हणाला, “चौदा हा काही आकडा नव्हे. आत्ता एज केस म्हणून टाकू या.”

‘एज केस’ म्हणजे काठावरची गोष्ट, क्वचित घडणारी. अभियंत्यांना या शब्दाची खरोखर गरज असते. फेब्रुवारीच्या एकोणतीस तारखेला जन्मलेल्या माणसाचं वय कसं मोजायचं, ही एज केस. शब्द चुकीचा नाही. चूक ही, की ‘क्वचित’ काय हे खोलीत कोण बसलंय यावरून ठरलं. त्या खोलीत प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन होता, माझ्याही. म्हणून नवऱ्याच्या खिशातला फोन हा आम्हांला अपवाद वाटला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनीच आपल्याकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल असल्याचं सांगितलं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका काठावर! एवढ्या बायका काठावर बसलेल्या असतील तर मधल्या जागेत कोण पसरलंय, हे विचारायला नको का?

मी विचारलं नाही. मी स्वतःच्या हाताने ती गोष्ट ‘बॅकलॉग’मध्ये लिहिली. बॅकलॉग म्हणजे राहिलेल्या कामांची यादी. वरची कामं होतात, खालची वाट पाहतात, आणि वरती रोज नवी येत राहतात. ‘पुढे बघू’ या घरोघरीच्या उत्तराचं हे कचेरीतलं नाव. बाईचं नाव सातबाऱ्यावर लावायचं? पुढे बघू. मुलीचं शिक्षण? पुढे बघू. सगळ्यांत खाली असलेल्या कामाला कोणी नाही म्हणत नाही. ते फक्त कधी होत नाही.

आम्ही ‘एमव्हीपी’ बाहेर काढलं. एमव्हीपी म्हणजे कमीत कमी गोष्टी घालून केलेली, पण चालणारी पहिली आवृत्ती. एरिक रीज यांच्या २०११ सालच्या पुस्तकानंतर हा शब्द जगभर पसरला. वर्षभर खपून मोठं काही करायचं आणि मग ते कोणालाच नको होतं असं निघायचं, त्यापेक्षा लहान करून लोकांपुढे ठेवावं, चुका कळतील, सुधारता येतील, हा त्यातला शहाणपणा मला आजही पटतो. पण ‘कमीत कमी’ म्हणजे कोणाचं कमीत कमी? नवऱ्यापासून पैसे सुरक्षित राहणं हे त्या मावशीचं कमीत कमी होतं. आमच्या लेखी तो नंतरचा साज होता.

सहा महिन्यांनी मी पुन्हा त्या गावी गेले. मावशी गटात नव्हती. गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, मेसेज वाजला, नवऱ्याने रक्कम पाहिली, मागितली. तिने दिली नाही तेव्हा जे व्हायचं ते झालं. पैसे काढून तिने नाव कमी केलं. मी पुण्याला आले आणि संगणकावर आमचा तक्ता उघडला. त्यात ती होती. महिन्याच्या ‘चर्न’मध्ये. चर्न म्हणजे सोडून गेलेल्यांचं प्रमाण, गळती. शाळेतल्या मुलींच्या गळतीबद्दल आपण म्हणतो ना, की मुली गळत नाहीत, त्यांना काढलं जातं, तेच इथेही. तक्त्यात ‘गेली’ एवढंच होतं. का गेली याला रकाना नव्हता. तो रकाना मीच ठेवला नव्हता. त्या बैठकीत मी भांडले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. भांडले नाही, एवढं ठाऊक आहे.

हे एका कचेरीपुरतं असतं तर मी लिहायला बसले नसते. २०१४ साली अ‍ॅपल कंपनीने आरोग्याची मोजदाद ठेवणारं अ‍ॅप आणलं. रक्तदाब, झोप, चाललेली पावलं, जेवणातलं सोडियमसुद्धा त्यात टिपता येत होतं. मासिक पाळी मात्र नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. जगातल्या निम्म्या शरीरांची दर महिन्याची गोष्ट एवढ्या हुशार माणसांच्या यादीतून सुटली, आणि सोडियम सुटलं नाही! यात कोणाचा दुष्टपणा असेल असं मला वाटत नाही. खोलीतल्या माणसांना जे आठवतं तेच यादीत येतं. आज बहुतेक कचेऱ्या ज्या ‘अजाइल’ पद्धतीने चालतात तिचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात सतरा जणांनी मिळून लिहिला. सतराच्या सतरा पुरुष होते. जाहीरनामा वाईट नाही. माणसं साधनांपेक्षा मोठी, बदलाला तयार राहा, असंच तो सांगतो. पण माणसं म्हटल्यावर कोणती माणसं डोळ्यांपुढे येतात, हा प्रश्न उरतोच.

या बोलीत आपल्याला वगळणारे शब्द आहेत तसे धरून ठेवणारेही आहेत. ‘ऑनबोर्डिंग’ म्हणजे नव्या माणसाला अ‍ॅपमध्ये घेणं. नव्या सुनेचं माप ओलांडण्यासारखं, रांगोळी, गोडधोड, सगळं. ‘एंगेजमेंट’ म्हटलं की आपल्याला साखरपुडा आठवतो. तिथे त्याचा अर्थ, माणूस किती वेळा आणि किती वेळ अ‍ॅपमध्ये गुंतून राहतं. ‘रिटेन्शन’ म्हणजे किती जण टिकले. आत येताना उंबरठ्यावर तांदूळ, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर दारच सापडत नाही. या फसव्या मांडणीला हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला एक प्रकार म्हणजे नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यरचना करून होकार मिळवणं. वाचताना मला हसू आलं. हा प्रकार ओळखायला आपल्याला संगणक शिकावा लागला नसता. ‘तुला आमच्यासाठी एवढंही करवत नाही?’ हे वाक्य आपण जन्मापासून ऐकतो आहोत. सांगायचं ते हे, की ज्या कचेरीला मावशीच्या खिशाबाहेरच्या फोनसाठी वेळ नसतो, तिलाच बाई दार शोधत बसावी यासाठी वेळ काढता येतो.

आता आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं एक उदाहरण घेते. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू केली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना महिना दीड हजार रुपये. योजनेच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज करत नाही. पात्र बायकांच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार असे शब्द स्पष्ट होते. त्यामागे एकट्या बायकांनी केलेल्या कितीतरी परिषदा, मोर्चे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. संकेतस्थळावर बाईने आपला आधार क्रमांक भरायचा, आपल्या फोनवर आलेला ओटीपी टाकायचा. आणि मग? पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी.

तपासणी नको असं माझं म्हणणं नाही. पैसा जनतेचा आहे, आणि पुरुषांच्या नावांवरही रक्कम गेल्याचं २०२५ मध्ये समोर आलं होतं. कुटुंबाचं उत्पन्न पाहायचं तर कुटुंब कोणतं हे विचारावं लागणार, हेही कबूल. पण हा पडदा आखताना कोणाच्या डोळ्यांपुढे कोणती बाई होती? जिचा नवरा आहे आणि विचारल्यावर ओटीपी सांगतो ती, किंवा वडिलांच्या घरी राहणारी लेक. आदेशात पाच प्रकारच्या बायका होत्या, पडद्यावर दोनच उरल्या. कायद्याच्या कागदावर मिळवलेली जागा एका ‘सक्तीच्या रकान्यात’ गेली. मोबाइलच्या फॉर्मात ज्या रकान्यापुढे लाल चांदणी असते ना, तो सक्तीचा. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. कागदाच्या फॉर्मावर आपण रेघ मारायचो, ‘लागू नाही’ लिहायचो, साहेबाशी वाद घालायचो. लाल चांदणीशी वाद घालता येत नाही.

ओरड झाली. मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. पती आणि वडील दोघंही नसतील किंवा घटस्फोट झाला असेल तर बाईने स्वतःचं ई-केवायसी करावं आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं जाहीर झालं. म्हणजे जी गोष्ट पहिल्या दिवशी धरायची ती दोन महिन्यांनी धरली गेली. पण परित्यक्ता? जिला नवऱ्याने टाकलं, पण सोडचिठ्ठी दिली नाही, जी कोर्टाची पायरी चढली नाही, तिच्याकडे यातला कोणता कागद असणार? नवरा मेला असता तर दाखला तरी असता. तो जिवंत आहे, कुठेतरी दुसरा संसार करतो आहे, आणि पैसे मिळवायचे तर हिने त्याच्याकडे ओटीपी मागायला जायचं! काठावरच्यांतही तिला शेवटच्या टोकाला बसवलं.

आणि कागद गोळा कोणी करायचे? अंगणवाडीच्या ताईंनी. पडद्याने केलेली चूक दरवेळी एखादी बाई आपल्या पायांनी निस्तरते. याच ताईंची कहाणी आठवा. २०२१ साली त्यांच्या कामासाठी पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आलं. हातात आधीचे कमी ताकदीचे, सतत अडकणारे फोन, दुरुस्तीचा खर्च खिशातून, आणि अ‍ॅप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन कचेऱ्यांत नेऊन परत केले. आमच्या बोलीत ‘युजर फीडबॅक’ म्हणतात तो हाच. कचेरीतले लोक तो पाच चांदण्यांत मोजतात. ताईंनी तो टेबलावर फोन ठेवून दिला. त्यांनी कोणाचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण वस्तू कोणासाठी केली आहे हा प्रश्न त्यांच्याइतका नेमका मी कोणाला विचारताना पाहिलं नाही.

म्हणून मला वाटतं, हे शब्द आपण शिकून घ्यायचे. प्रत्येकीने संगणक अभियंता व्हावं असं नाही. आपण पोलिसांची भाषा शिकलो, एफआयआर, पंचनामा, दखलपात्र गुन्हा. कोर्टाची शिकलो, पोटगी, अंतरिम आदेश. त्या शिकल्यावर ठाण्यातला हवालदार आपल्याशी सरळ बोलू लागला. ही आणखी एक भाषा.

त्यातलं एक हत्यार तर अगदी सोपं आहे. त्याला ‘युजर स्टोरी’ म्हणतात. एका चिठ्ठीवर तीन भागांचं एक वाक्य लिहायचं. मी कोण, मला काय हवं, कशासाठी. कचेरीतलं सगळं काम या चिठ्ठ्यांवर चालतं. चिठ्ठी नसेल तर काम नाही. आमच्या केंद्रात मागच्या महिन्यात आम्ही बारा जणी बसलो आणि अशा चिठ्ठ्या लिहिल्या. एकीने सांगितलं, मी लिहून घेतलं: “मी नवऱ्याने टाकलेली बाई आहे. मला माझी ओळख माझ्या एकटीच्या नावावर पटवता यायला हवी, म्हणजे हक्काच्या पैशांसाठी मला त्याच्या दारात जावं लागणार नाही.” दुसरीने सांगितलं: “माझा फोन पोराकडे असतो. मला माझा हिशेब फोनशिवायही बघता यावा, म्हणजे माझे पैसे माझेच राहतील.” अकरा वर्षांत मी शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या असतील. इतक्या स्वच्छ क्वचितच उतरल्या.

अशा चिठ्ठ्या प्रत्येक गटाने लिहाव्यात. गावात, वस्तीत कोणी नवं अ‍ॅप घेऊन आलं की चहा देण्याआधी त्याला विचारावं. तुमच्या भिंतीवर कोणती बाई आहे? जिच्याकडे फोन नाही तिने काय करायचं? लाल चांदणी कोणत्या रकान्यांना आहे, आणि का? मेसेज कोणाच्या खिशात वाजेल? बाहेर पडायचं दार कुठे आहे? एखादी सोडून गेली तर का गेली हे तुम्ही विचारता का? आणि सरकारकडे आपली मागणी अशी असावी, की बायकांच्या योजनेचा कोणताही पडदा राज्यभर सक्तीचा करण्याआधी तो विधवा, परित्यक्ता, अपंग आणि फोन नसलेल्या बायकांच्या हातून तपासून घ्यावा. त्यांचं काम अडलं तर ‘काम झालं’ असं म्हणू नये.

ज्या मैत्रिणी आणि लेकी आज या कचेऱ्यांत नोकरी करतात, त्यांना वेगळं सांगते. एखाद्या बैठकीत कोणी शांतपणे विचारेल, “अशा किती असतील?” प्रश्न वाजवी वाटेल. आकडा तुमच्याकडे नसेल. गप्प बसावंसं वाटेल, कारण मुहूर्त जवळ आलेला असतो आणि सगळे तुमच्याकडे बघत असतात. मी गप्प बसले होते. तुम्ही बसू नका. म्हणा, “किती ते माहीत नाही. मोजल्याशिवाय त्यांना काठावर बसवायचं नाही.”